चासी, गंज आणि टेकू : मोटारीच्या सांगाड्याला घरगुती बळकटी देण्याच्या प्रथेचा इतिहास
(विशेष संदर्भ : वसईची किनारपट्टी)

प्रास्ताविक

भारतातील मोटारगाडीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कारखान्यांकडे गेले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, परवाना पद्धतीचा काळ, १९८३ मधील मारुतीचे आगमन आणि १९९१ नंतरचे उदारीकरण हे या इतिहासाचे ठरलेले टप्पे होत. परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली गाडी पुढे वीस-तीस वर्षे कोणी आणि कोणत्या साधनांनी चालती ठेवली, या प्रश्नाला त्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास हा शोधांचा नसून वापराचा आणि निगराणीचा असावा, असे प्रतिपादन केले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मधील आपल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या लहान यंत्रांच्या आधारे भारतातील दैनंदिन तंत्रजीवनाचा वेध घेतला. मोटारगाडी त्या मानाने मोठे यंत्र असल्यामुळे ती कारखान्याच्याच इतिहासात अडकून राहिली असावी.

प्रस्तुत लेखाचा विषय या निगराणीतील एका लहानशा, पण अर्थपूर्ण कृतीपुरता मर्यादित आहे. गाडीचा सांगाडा लवचीक अथवा कमकुवत झाला असता त्याला बाहेरून लोखंडी दांडा, चौकोनी पाइप, अँगल किंवा पट्टी वेल्डिंगने वा नट-बोल्टने जोडून तो पुन्हा कणखर करणे, ही ती कृती होय. या जोडाला येथे 'टेकू' असे म्हटले आहे. घराच्या वाकलेल्या आढ्याला दिला जाणारा टेकू आणि गाडीला दिला जाणारा हा टेकू यांमागील बुद्धी एकच आहे.

पाश्चात्त्य देशांतील लेखनात अशा टेकूंचा इतिहास बहुधा शर्यतीच्या गाड्यांच्या अंगाने सांगितला जातो. वळणावर गाडी अधिक अचूक वळावी, म्हणून हौशी चालक घराच्या गॅरेजात दांडे जोडू लागले, असे त्याचे सूत्र असते. वसईच्या किनारपट्टीचा विचार करता हे सूत्र अपुरे पडते. येथे टेकूची गरज वेगातून कमी आणि गंजातून व ओझ्यातून अधिक निर्माण झाली, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस समुद्राच्या दिशेने गेल्यास वटार आणि तिच्या आसपासची वाड्यांची गावे लागतात. केळी, फुले, पानवेल आणि भाजीपाला यांच्या बागा, प्रत्येक वाडीत विहीर, आणि सगळ्यांवर समुद्राचे खारे वारे, असा हा परिसर आहे. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तरी खाऱ्या वाऱ्याला प्रशासकीय सीमा कळत नाहीत.

दृढता आणि बळकटी

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. गॅरेजात 'गाडी मजबूत केली' असे म्हटले जाते, तेव्हा त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. वस्तू तुटण्यापूर्वी किती भार सोसते, ती तिची बळकटी. भार आला असता ती किती कमी वाकते वा पिळवटते, ती तिची दृढता. वेताची छडी बळकट असते, पण दृढ नसते. काच दृढ असते, पण तिच्या बळकटीवर विसंबता येत नाही. गाडीच्या सांगाड्याच्या बाबतीत चालकाला जाणवते ती मुख्यतः दृढता. एक चाक खड्ड्यात आणि तिरपे समोरचे चाक उंचवट्यावर असता सांगाड्याला पीळ पडतो. तो पीळ जास्त असल्यास दारे करकरतात, काचेच्या चौकटीला ताण बसतो आणि सुकाणूला दिलेली आज्ञा चाकांपर्यंत उशिरा पोहोचते.

सामान्य समजूत अशी, की चांगल्या प्रतीचे पोलाद वापरले की सांगाडा आपोआप दृढ होतो. वस्तुतः साधे पोलाद आणि उच्च प्रतीचे पोलाद यांच्या बळकटीत मोठे अंतर असले, तरी त्यांची स्थितिस्थापकता जवळजवळ सारखीच, सुमारे २०० गिगापास्कल असते. दृढता वाढते ती आकारामुळे. जर्मन अभियंता रुडॉल्फ ब्रेट याने १८९६ मध्ये पातळ भिंतीच्या बंद नळीला पीळ दिल्यास काय घडते, याचे सूत्र मांडले. त्या सूत्राने पाहिल्यास, ५० मिलिमीटर बाजूच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपाचा पीळविरोधी स्थिरांक सुमारे २ लाख २१ हजार येतो. तोच पाइप केवळ लांबीच्या दिशेने चिरला, एक ग्रॅमही पोलाद कमी केले नाही, तरी हा आकडा ५१२ वर उतरतो. म्हणजे सव्वाचारशे पटींहून अधिक घट. गंजामुळे गाडीच्या उंबऱ्याखालील पेटीसारख्या पोकळ भागाला लांबट भोक पडते, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. वजनकाट्यावर गाडी तीच असते. पण चिरलेल्या पाइपासारखी तिची अवस्था झालेली असते.

दुसरे तत्त्व त्रिकोणाचे. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांत हलते, तिला कर्णाच्या दिशेने एक तिरकी पट्टी ठोकली की ती हलत नाही. वाडीच्या फाटकाला तिरकी फळी मारणाऱ्या सुताराला हे भूमितीच्या पुस्तकावाचून ठाऊक असते. जहाजबांधणीत मात्र हे तत्त्व पद्धतशीरपणे यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लांब लाकडी युद्धनौकेची टोके कालांतराने खाली झुकत आणि तिचा मध्यभाग वर येई. रॉबर्ट सेपिंग्स याने १८११ च्या सुमारास 'ट्रेमेंडस' या ब्रिटिश नौकेच्या फासळ्यांना तिरके वासे जोडून हा दोष आवरला. या पद्धतीविषयीचा त्याचा निबंध १८१४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८१८ मध्ये त्याला कोप्ली पदक मिळाले. मोटारीच्या टेकूचा पूर्वज शोधायचा झाल्यास तो येथे सापडतो. पोर्तुगीज काळात, म्हणजे १५३४ ते १७३९ या दोन शतकांत, वसईत जहाजे बांधली जात होती हे लक्षात घेता, लाकडी सांगाडा झुकण्याचा प्रश्न या किनाऱ्याला अपरिचित नव्हता, एवढे म्हणता येईल. त्यापलीकडे वसईच्या जहाजबांधणीचा आणि आजच्या गॅरेजांचा संबंध जोडणे मात्र हौसेचे ठरेल, इतिहासाचे नव्हे.

साटीपासून चासीपर्यंत

'चासी' हा शब्द मूळ फ्रेंच. चौकट हा त्याचा अर्थ. इंग्रजीमार्गे तो मराठीत आला आणि गॅरेजात इतका रुळला, की आज तो परका वाटत नाही. या शब्दाच्या आधी आपल्याकडे वाहनाचा सांगाडा म्हणजे बैलगाडीची साटी आणि तिच्या दोन लांब दांड्या. आख, तुंबा, आरे, धाव हे चाकाशी संबंधित शब्द वेगळे. साटी बांधणारा सुतार आणि चाकावर तापवलेली धाव चढवणारा लोहार यांच्यात कामाची वाटणी होती. विशेष म्हणजे, बैलगाडीचा सांगाडा मुद्दाम थोडा लवचीक ठेवला जाई. खिळ्यांऐवजी खुंट्या आणि दोरांच्या बांधणीमुळे गाडी खाचखळग्यांत पिळवटे, पण तुटत नसे. लवचीकपणा हा तेथे दोष नव्हता.

हीच कल्पना पहिल्या मोटारींनी आणि मालमोटारींनी उचलली. शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, ही बैलगाडीच्या साटीची पोलादी बहीण होय. वरची बॉडी हे निराळे काम, निराळ्या माणसाचे. महाराष्ट्रात या विभागणीचे ठळक उदाहरण एस.टी.चे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली बस धावली, ती बेडफर्ड बनावटीच्या चासीवर उभारलेली होती. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत कारखान्यांकडून आलेल्या उघड्या चासींवर महामंडळ स्वतः बॉडी बांधू लागले. या कार्यशाळांतून कातारी, वेल्डर, पत्रेकाम करणारे असा एक मोठा कुशल वर्ग घडला. महाराष्ट्रातील खासगी गॅरेजांच्या इतिहासात या वर्गाचा वाटा किती, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

मालमोटारीच्या चासीला पट्टी जोडण्याचे शास्त्र या काळात गॅरेजात पक्के झाले. क्षमतेहून अधिक वाळू वा विटा भरल्याने चॅनेलला तडा जातो. अशा वेळी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकण्याचे थांबवायचे, तडा वेल्डिंगने भरायचा आणि आतल्या बाजूने जाड पट्टी बसवायची. ही पट्टी टोकाला सरळ कापलेली असेल, तर काही महिन्यांत नवा तडा नेमका त्या टोकाशी जातो. कारण दृढ भाग तेथे एकदम संपतो आणि सारा ताण एका रेषेवर गोळा होतो. म्हणून पट्टीची टोके तिरकी, निमुळती कापतात. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पात्याला भोक पाडायचे नाही, कारण वाकताना सर्वाधिक ताण तेथेच असतो. हे नियम निर्मात्यांच्या पुस्तिकांत छापलेले असतातच. पण ज्या वेल्डरने पुस्तिका कधी पाहिली नाही, त्यालाही ते अनुभवाने उमगतात. चूक केली की तीच गाडी तक्रार घेऊन परत येते, आणि यासारखा शिक्षक नाही.

कुर्ल्याची फियाट आणि किनाऱ्यावरचा गंज

खरे स्थित्यंतर घडले ते चासी नाहीशी झाली तेव्हा. इटलीच्या लान्चिया कंपनीने १९२२ मध्ये सादर केलेल्या 'लाम्ब्दा' गाडीत निराळी चासी नव्हती. बॉडी हाच सांगाडा होता. १९३४ मधील सित्रोएनच्या गाडीने ही पद्धत मोठ्या उत्पादनात आणली. भारतात ही एकसंध सांगाड्याची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती १९५० च्या दशकात. फियाट ११०० ची १९५३ मधील नवी आवृत्ती एकसंध सांगाड्याची होती आणि १९५४ पासून ती कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९५७ मध्ये बाजारात आलेली हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडरही याच जातीची. कुर्ल्याची गाडी १९६४ मध्ये '११०० डी', १९७२ मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' अशी नावे बदलत २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. गाडी मात्र मुळात तीच होती.

एकसंध सांगाड्याचा लाभ उघड आहे. पत्रा पातळ, वजन कमी, दृढता अधिक. परंतु त्याची एक अट असते, आणि ती अट इटलीतील अभियंत्यांनी मुंबईचा पाऊस पाहून घातलेली नव्हती. सारा भार पातळ पत्र्यांच्या बंद पेट्यांवर असल्यामुळे त्या पेट्या बंदच राहिल्या पाहिजेत. शिडीची चासी वरून गंजली, तरी तिचे जाड चॅनेल दशकानुदशके टिकते. एकसंध गाडीचा उंबरा आणि फरशी मात्र आतून गंजते. दारातून झिरपलेले पाणी पेटीत साचते, पायाखालची गादी ओली राहते, खारी हवा काम पुरे करते. बाहेरून रंग चकचकीत, आणि आत पत्र्याची चाळण. वसईच्या पश्चिम पट्ट्यात याला आणखी एक कारण जोडले गेले. जुलै २०१८ च्या पुरासारख्या प्रसंगी वसई-विरारमध्ये अनेक भागांत पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिले. ज्या गाड्या त्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या पोकळ्यांत गाळ बसला, आणि गाळ ओलावा धरून ठेवतो.

या पार्श्वभूमीवर टेकूचा खरा अर्थ उमगतो. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी आणि उपनगरांपलीकडील तिच्या खासगी बहिणी ज्या दीर्घकाळ धावल्या, त्या कारखान्याने दिलेल्या सांगाड्यावर धावल्या नाहीत. त्यांच्या उंबऱ्यात चौकोनी पाइप होता, फरशीखाली अँगल होता, पुढच्या आडव्या तुकड्याला पट्टी होती. बारा-पंधरा वर्षांनी कारखान्याचा मूळ सांगाडा आणि गॅरेजने घातलेला सांगाडा यांत कोण कोणाला धरून आहे, हे सांगणे कठीण होई. एका अर्थाने गॅरेजने एकसंध गाडीला पुन्हा चासी दिली. इतिहासाचा हा उलटा प्रवास कोणत्याही कारखान्याच्या स्मरणिकेत नोंदलेला नाही.

कुजका पत्रा कापण्याची विद्या

या कामाची रीत थोडी तपशिलाने पाहणे इष्ट आहे. कारण ज्ञान आहे ते तपशिलात. प्रथम परीक्षा. गाडीच्या एका कोपऱ्याला जॅक लावून चाक उचलायचे आणि त्या बाजूचे दार उघडून पुन्हा लावायचे. दार सहज लागले तर सांगाडा ठीक. कुलपाची जीभ खाचेच्या वर वा खाली आदळली, तर उंबरा गेला आहे. दाराच्या फटीत बोट घालून वरची आणि खालची फट सारखी आहे का, हे पाहणारा पत्रेवाला प्रयोगशाळेतील पीळ-चाचणीचेच काम करत असतो. फरक इतकाच, की त्याच्या निकालाला आकडा नसतो.

पुढची पायरी अधिक नाजूक. उंबऱ्याचा कुजलेला पत्रा एकदम कापला, तर गाडी मधोमध झुकते. आणि झुकलेल्या स्थितीत नवा पाइप वेल्ड केला, तर तो झोक कायमचा होतो. अशी गाडी पुढे कितीही दुरुस्त केली, तरी तिची दारे बसत नाहीत. म्हणून जाणता कारागीर पत्र्याला हात लावण्यापूर्वी दाराच्या चौकटीत एक आडवा दांडा तात्पुरता टाचून घेतो आणि गाडी जॅकवर न ठेवता सपाट जमिनीवर, सांगाड्याला सर्वत्र सारखा आधार मिळेल अशी ठेवतो. एका बाजूचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा पत्रा कापत नाही. पाइप निवडताना तो जाड असण्यापेक्षा बंद असण्याला महत्त्व देतो. उघड्या अँगलवर विसंबणारा कारागीर वजन वाढवतो, दृढता नाही. ब्रेटचे नाव त्याने ऐकलेले नसते, पण निष्कर्ष तोच.

वेल्डिंगच्या साधनांचाही यात इतिहास आहे. पूर्वी कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू तयार करणारी टाकी गॅरेजच्या कोपऱ्यात असे. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा सांधता येई, पण उष्णता पसरून तो पोपडे आल्यासारखा फुगे. विजेच्या वेल्डिंगने जाड पट्टी उत्तम जुळे, पण पातळ पत्र्याला क्षणात भोक पडे. त्यामुळे जाड पाइप पातळ पत्र्याला जोडायचा, ही कामाची मूळ अडचण दीर्घकाळ तशीच राहिली. तिच्यावरचा तोडगा म्हणजे मधे एक मध्यम जाडीचा तळहाताएवढा पत्रा घालायचा. पाइप त्या पत्र्याला आणि तो पत्रा मूळ सांगाड्याला अनेक ठिपक्यांनी जोडायचा. ताण एका बिंदूवर न येता पसरतो. पुढे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातील तारेचे वेल्डिंग गॅरेजांत आले आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. तरीही वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो आणि गंज पुन्हा तेथूनच सुरू होतो. बाहेरून लांबी आणि रंग चढला की ग्राहक संतुष्ट होतो. पाइपाच्या आत गंजरोधक वा निदान जुने इंजिन ऑइल सोडणारा कारागीर मात्र पुढच्या दहा पावसाळ्यांचा विचार करत असतो.

आडवा दांडा

बोनेटखाली डावीकडून उजवीकडे जाणारा दांडा हा टेकूचा आज सर्वाधिक परिचित प्रकार. त्याचा इतिहास मात्र वेगळा आणि तुलनेने अलीकडचा आहे. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याने विकसित केलेली, स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यात सामावणारी रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील फोर्डच्या गाड्यांत आली. या रचनेत चाकाचा धक्का थेट चाकावरील पत्र्याच्या बुरुजाच्या माथ्याशी जातो. वळणावर हे दोन बुरूज एकमेकांकडे वा एकमेकांपासून दूर सरकू पाहतात. त्यांना आडवा दांडा जोडला, की ही हालचाल कमी होते.

पद्मिनीची पुढची चाके याहून जुन्या पद्धतीच्या, खालच्या आडव्या तुकड्याला बांधलेल्या दुहेरी भुजांवर उभी होती. त्यामुळे तिच्या बोनेटखाली असा दांडा घालण्यास फारसे प्रयोजन नव्हते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्या पुढील चाकांना मॅकफर्सनची रचना होती, आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक लहान गाड्यांनी तीच स्वीकारली. महाराष्ट्रात बोनेटखालील दांड्याला तांत्रिक कारण उपलब्ध झाले ते यानंतर. टेकूची जागा उंबऱ्यातून बोनेटखाली सरकली आणि तिच्याबरोबर टेकू घालणारा माणूसही बदलला. पूर्वी तो टॅक्सीचा मालक वा भाजीची ने-आण करणारा बागायतदार होता; आता तो बहुधा हौशी तरुण असतो, ज्याला घाटात गाडी चांगली वळावी असे वाटते.

येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते, की घरी तयार केलेल्या अशा दांड्यांपैकी पुष्कळसे निरुपयोगी असतात. बुरुजाच्या माथ्यावरील बोल्टशी बसणारी पट्टी आणि आडवा पाइप यांच्यामध्ये खिटीचा, म्हणजे फिरता सांधा ठेवला आणि दांड्याला इंजिनवरून वळसा द्यावा लागल्याने कमानीसारखा बाक आला, की तो ताणाखाली सरळ होऊ पाहतो आणि दाबाखाली अधिक वाकतो. दांडा सरळ असेल, दोन्ही टोके घट्ट असतील आणि शक्य तर मागील पत्र्याशी तिसरा पाय देऊन त्रिकोण साधला असेल, तरच त्यात अर्थ आहे. वाडीच्या फाटकाची तिरकी फळी येथे पुन्हा आठवते.

हौशीचा हा वारसा महाराष्ट्राला नवा नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून १९७० च्या दशकापर्यंत 'मीरा' या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवले. त्यांचे उत्पादन मात्र कधी झाले नाही. अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे. भंगारातील भागांपासून सुमारे ६० हजार रुपयांत त्यांनी तयार केलेली, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी, नियमांत बसत नसल्याने स्थानिक प्रशासन आज ना उद्या ती थांबवील, असेही नोंदवले. तिच्या बदल्यात बोलेरो देण्याचा त्यांचा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये प्रत्यक्षात आला. कारागिरी गौरवली गेली आणि गाडी रस्त्यावरून उचलली गेली. आजच्या कायद्यात अशा वाहनाला रस्त्यावर जागा नाही, हे या घटनेने जितके स्पष्ट केले तितके एखाद्या परिपत्रकाने केले नसते.

कायदा आणि अपघात

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १८२ अ नुसार, अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गाडीच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कळवले होते.

या कठोरपणाला तांत्रिक आधार आहे, आणि तो नाकारता येत नाही. बेला बारेन्यी या अभियंत्याच्या १९५२ च्या पेटंटपासून गाडीच्या रचनेत एक नवी कल्पना रुजली. मधला कक्ष दृढ असावा, पण पुढचा आणि मागचा भाग अपघातात ठरावीक रीतीने चुरगळावा, म्हणजे आघाताची ऊर्जा माणसापर्यंत पोहोचत नाही. मर्सिडीजने १९५९ मध्ये ती प्रथम मोठ्या उत्पादनात आणली. अशा गाडीच्या पुढच्या भागात लांबीच्या दिशेने जाड पाइप वेल्ड केला, तर चुरगळायचा भाग चुरगळत नाही आणि धक्का थेट आत येतो. दारे करकरत नाहीत म्हणून समाधान मानणाऱ्या मालकाला हे कळण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले, आणि त्यांपैकी तिघींचा सांगाडाच अपुरा ठरून कोसळला. नव्या गाड्यांना समोरील धडकेची चाचणी भारतात बंधनकारक झाली ती ऑक्टोबर २०१७ पासून, आणि भारताचा स्वतःचा ताऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे कारखान्याने दिलेला सांगाडा प्रमाण मानून कायदा मालकाला बदल नाकारत होता, त्या काळात खुद्द त्या प्रमाणाची परीक्षा होत नव्हती. गंजलेल्या उंबऱ्यात पाइप घालणाऱ्या वसईच्या पत्रेवाल्याला दोष देताना हा कालक्रम विसरता कामा नये. झिजलेला भाग पूर्ववत करणे आणि मूळ रचनेत बदल करणे यांतील सीमारेषा अधिनियमाच्या शब्दांत सुबक दिसते. कुजक्या पत्र्यावर ती खडूने आखावी लागते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून होणारी 'बाहा' ही स्पर्धा या संदर्भात उल्लेखनीय आहे. तेथे पाइपांचा सांगाडा विद्यार्थी स्वतः आखतात, वेल्ड करतात आणि तो परीक्षकांच्या तपासणीतून जातो. गॅरेजच्या कारागिराला अशी तपासणी मागण्याची सोय नाही. त्याच्या कामाला दोनच निकाल असतात: दंड, किंवा मौन.

मोडीत निघणारी साधने

या विषयाच्या अभ्यासात साधनांची अडचण मोठी आहे. टेकूचे नकाशे नसतात, पावतीवर 'पत्राकाम' एवढाच शब्द असतो आणि कारागीर आपले काम लपवूनच त्याचे कौशल्य सिद्ध करतो. उंबऱ्यावरची लांबी जितकी सफाईदार, तितका पुरावा खोल. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा त्यांना करंड्यात करंडा सापडत गेला. जुन्या फियाटचा उंबरा कापताना पत्र्यात पत्रा, त्यात पाइप आणि पाइपात जुन्या तेलाचा थर असे काहीसे तसेच निघते. मात्र तेथे नोंदवही घेऊन कोणी उभे नसते.

आणि हे साधन आता वेगाने नाहीसे होत आहे. महाराष्ट्रात टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती; ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून बाद झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणानुसार खासगी वाहनांची वीस वर्षांनंतर योग्यता तपासली जावयाची आहे. मोडीच्या यंत्रात गाडी दाबली गेली, की तिच्या उंबऱ्यातील तीन पिढ्यांचे वेल्डिंग एका ठोकळ्यात मिसळून जाते. वसई, नालासोपारा आणि विरारच्या पश्चिमेकडील गावांत जुन्या गाड्या अजून अंगणात, माडाच्या झावळ्यांखाली उभ्या दिसतात. महाविद्यालयाच्या इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन अशा गाड्यांचे उंबरे, फरशी आणि आडवे तुकडे मोजून घेणे, त्यांची छायाचित्रे काढणे आणि ज्यांनी ते काम केले त्या वृद्ध पत्रेवाल्यांचे कथन ध्वनिमुद्रित करणे, हे एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखे काम आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक जॅक, एक विजेरी आणि मोजपट्टी.